सायनसची शस्त्रक्रिया फुप्फुसांसाठी काय करते?

महोदय,

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की आमच्या शहरात ‘सायनसचे ऑपरेशन करा, दम्यापासून कायमची सुटका मिळवा’ अशा आशयाचे फलक लागतात, आणि पुढच्या काही महिन्यांत नाकाचे ऑपरेशन होऊनही पुन्हा धाप लागू लागलेले रुग्ण माझ्यासारख्या छातीच्या डॉक्टरांकडे येतात. नाक मोकळे झाले, आता पंप कशाला, असे म्हणून त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी इन्हेलर परस्पर बंद केलेला असतो. त्यांची शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. आक्षेप आहे तो तिच्या नावावर दिल्या जाणाऱ्या आश्वासनाला.

नाक आणि फुप्फुसे यांचा संबंध खरा आहे. नाक चोंदणे, घट्ट शेंबूड घशात उतरणे, चेहरा जड वाटणे, वास न येणे ही लक्षणे 12 आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली तर त्याला जुनाट सायनस विकार म्हणतात. त्यातही ज्यांच्या नाकात पॉलिप, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मांस’, वाढलेले असते, त्यांच्यात दम्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. कारण नाकाच्या अस्तराला सूज आणणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी अनेकदा श्वासनलिकांमध्येही तेच काम करत असतात. शिवाय नाक बंद असलेला माणूस तोंडाने श्वास घेतो आणि कोरडी, थंड, न गाळलेली हवा थेट खाली पोहोचते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेने सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडे मोकळी होतात आणि मिठाचे पाणी व स्टिरॉइडचा फवारा आतपर्यंत जाऊ लागतो. शस्त्रक्रियेचा निम्मा फायदा या नंतरच्या औषधोपचारातच असतो, असे माझे मत आहे.

आता फुप्फुसांच्या क्षमतेचे पाहू. ती मोजण्यासाठी स्पायरोमेट्री करतात. रुग्णाच्या नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात, आणि छाती भरून घेतलेला श्वास एका दमात, तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असे ओरडत असताना, जोर लावून बाहेर सोडायला लावतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा त्यातला महत्त्वाचा आकडा. नाक चिमट्याने बंदच असल्यामुळे ते किती मोकळे झाले, याचा या आकड्याशी थेट संबंध येत नाही. तो श्वासनलिकांची स्थिती सांगतो. ऑपरेशननंतर ‘श्वास किती मोकळा झाला’ असे रुग्ण अगदी प्रामाणिकपणे सांगतो आणि कागदावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही, यात म्हणूनच विसंगती नाही.

संशोधनाचे चित्रही साधारण असेच आहे. दमा आणि जुनाट सायनस विकार दोन्ही असलेल्या रुग्णांवरील 22 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा दमा अधिक आटोक्यात राहिला, अनेकांचे झटके आणि पोटातून घ्यावी लागणारी स्टिरॉइडे कमी झाली. पहिल्या सेकंदाच्या आकड्यात मात्र दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली नाही. झटके आणि स्टिरॉइड कमी होणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे, पण तिला ‘दमा बरा झाला’ असे म्हणता येत नाही.

काही रुग्णांचा आकडा वाढलेला दिसतोही. अशा वेळी चाचणी कधी केली, हे विचारावे. पॉलिप असलेल्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे बहुधा काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतात, आणि त्या गोळ्या श्वासनलिकांची सूजही उतरवतात. त्या काळात केलेल्या चाचणीचे श्रेय कुणाला द्यायचे? गोळ्यांचा परिणाम ओसरल्यावर, काही महिन्यांनी केलेली चाचणी अधिक खरे बोलते. आणि तुलनेला शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी हाताशी नसेल, तर तिचाही फारसा उपयोग नाही.

एका गटाबाबत विशेष सावधगिरी हवी. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचे वावडे असे त्रिकूट काही रुग्णांत आढळते. त्यांचे पॉलिप शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढण्याची शक्यता जास्त असते, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या एखाद्या गोळीनेही त्यांना दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. ऑपरेशननंतर ठणका लागल्यावर नेमक्या याच गोळ्या सहज हातात पडतात. डोकेदुखीच्या गोळीने पूर्वी कधी धाप लागली होती का, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारला गेला पाहिजे. कुणी विचारला नाही, तर रुग्णाने आपण होऊन सांगावे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना माझी विनंती आहे की दमा असलेल्या रुग्णाची स्पायरोमेट्री शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावी आणि घरी सोडतानाच्या कागदावर ‘छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्हेलर बंद करू नये’ हे एक वाक्य ठळक मराठीत लिहावे.

– एक छातीरोगतज्ज्ञ, सांगली