ताई, तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहितेय, पण त्यात तुमचं नाव नाही, माझं नाही, आपल्या तालुक्याचंही नाही. तुमचा सत्कार करावा, शाल-श्रीफळ द्यावं, चार माणसांत तुमच्याबद्दल बोलावं असं फार वाटतं. ते जमणार नाही. तुमच्याशेजारी उभी राहिले की माझ्याबद्दल जे सांगायचा हक्क फक्त मला आहे, ते न सांगताच सगळ्यांना कळेल. म्हणून पत्र लिहायला बसले. स्वतः एचआयव्हीसह जगत त्याच आजाराच्या दुसऱ्यांना आधार देणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्या सहकारी समुपदेशकांनी ते वाचावं, आणि त्यांच्याकडून हे काम करून घेणाऱ्यांनीही वाचावं, एवढीच इच्छा.

मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, आले तेव्हा माणसांवरचा विश्वास उडालेला होता. मिस्टर शेवटी ज्या दवाखान्यात होते तिथे त्यांच्या केसपेपरवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव लिहिलेलं होतं. मी डबा घेऊन पोहोचायच्या आत शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या नातेवाइकांना ते माहीत झालं होतं, आणि दिवसकार्य होईपर्यंत आमच्या भावकीलाही. त्यानंतर ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ असं कुणी म्हणालं की मला धडकीच भरायची.

तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. समोरची खुर्ची थोडी वळवून बसलात, दार लोटून घेतलंत आणि आधी स्वतःबद्दल सांगितलंत. “मी डॉक्टर नाही. नर्स नाही. मी पण याच गोळ्या खाते, म्हणून मला इथे बसवलंय.” मग एकेक गोष्ट विचारत गेलात. फोन केलेला चालेल का? कुठल्या वेळेला? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं? तारखेला गोळ्या न्यायला आला नाहीत तर केंद्राकडून कुणीतरी चौकशीला येतं, ते घरी आलेलं चालेल की बाहेर कुठे भेटायचं? मी म्हटलं, शिलाईच्या दुकानात या, ब्लाऊज शिवायला आल्यासारखं. ते तुम्ही लिहून घेतलंत. आणि शेवटी म्हणालात, “बाजारात, एसटी स्टँडवर कुठे दिसलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन. याचा राग मानू नका.”

एक गोष्ट मात्र तुम्ही तेव्हाच ठामपणे सांगितलीत. इथे बोललेलं मी बाहेर नेणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर एकटीजवळ ठेवणार नाही, माझ्या वरच्यांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुम्हाला सांगेन. त्या दिवशी मी नुसती मान हलवली होती. त्या वाक्याचं काम पुढे पडलं.

माझा विश्वास बसला तो वेगळ्याच दिवशी. औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत मला आमच्या गावातली एक बाई दिसली. पदर पुढे ओढलेला, हातात माझ्यासारखंच ग्रीन बुक, केंद्रातून मिळणारी उपचाराची वही. मी तुमच्याकडे येऊन हळूच विचारलं, ती पण का हो? माझ्या मनात वाईट काही नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात आपल्यासारखं आणखी कुणी आहे, एवढंच कळायला हवं होतं. तुम्ही हसलात नाही, रागावलातही नाही. म्हणालात, “ते मी सांगू शकत नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर त्यांनाही हेच सांगते.” त्या दुसऱ्या वाक्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला. तुम्ही तिचं गुपित माझ्यापासून राखलंत म्हणून माझंही राखाल याची खात्री पटली.

पुढे बैठकीत कळलं की याला कायद्याचाही आधार आहे. २०१७ साली एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो देशभर लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती दुसऱ्याला सांगायची नाही, नोकरीत, दवाखान्यात, शाळेत भेदभाव करायचा नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. हे आधी माहीत असतं तर त्या लाल पेनाबद्दल मी तिथेच विचारलं असतं. पण कायदा कपाटात असतो. तो माझ्यापर्यंत आला तुमच्या त्या एका उत्तरातून.

ताई, लोकांना वाटतं की ज्याने स्वतः भोगलंय त्याने आपली सगळी कहाणी सांगितली की समोरच्याला धीर येतो. मलाही सुरुवातीला तुमची कहाणी हवी होती. तुम्हाला हे कसं झालं, घरच्यांनी काय केलं, सासरी राहता का. तुम्ही त्यातलं थोडंच दिलंत. कितीतरी वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, काम करता, मुलगी कॉलेजात आहे. मी आणखी खोदून विचारलं तर म्हणालात, “ते राहू द्या, आज तुमचं बोलू.” त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझंच ऐकत होतं. बाकी सगळीकडे मी सांगायला तोंड उघडायचे आणि समोरचीचं रडगाणं ऐकून परत यायचे.

गोळ्यांच्या बाबतीत तर तुम्ही फार काटेकोर. मला त्या काळात अशक्तपणासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी मी सगळं एकदमच घशात टाकायचे, एकदा घेतलं की दिवस मोकळा. तुम्हाला सहज विचारलं, चालतं ना? तुम्हीही तीच टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी घेता, इतकी वर्षं घेता. ‘हो, मला काही झालं नाही’ म्हणणं किती सोपं होतं. तुम्ही म्हणालात, “मला ते ठरवता येत नाही,” आणि मला डॉक्टरांच्या दारापर्यंत नेऊन बाहेर बाकावर बसलात. डॉक्टरांनी समजावलं की आपल्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर नावाचं औषध असतं, आणि लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी बरोबर घेतलं तर ते अंगात नीट शोषलंच जात नाही. एकतर आपली गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर सगळं जेवणाबरोबर. तुमच्या अंदाजावर गेले असते तर रोज नेमाने गोळी घेऊनही ती पुरती लागू पडली नसती, आणि कारण कुणालाच कळलं नसतं. बाटलीवरचं लेबल खरवडून काढू का, की गोळ्या दुसऱ्या डब्यात भरू, हेसुद्धा तुम्ही मला औषधाच्या खिडकीवरच विचारायला लावलंत.

पैशाचं तसंच. मुलीच्या फीसाठी मी तुमच्याकडे उसने मागितले. दुसरं दार राहिलं नव्हतं. तुम्ही सरळ नाही म्हणालात, आणि कारणही दिलंत: “पैसे दिले तर पुढच्या महिन्यात तुम्ही इथे यायला संकोचाल, आणि तुमचं इथे येणं थांबता कामा नये.” पण तेवढ्यावर सोडलं नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज काढून दिलात. त्या योजनेत आपल्या आजारालाही जागा आहे आणि निराधार विधवेलाही. “तुम्ही विधवा म्हणून अर्ज करू शकता. मग तहसील कचेरीत आजाराचा कागद जोडायचं कारण नाही. कुठला रस्ता घ्यायचा ते तुम्ही ठरवा.” हे वाक्य मी अजून बायकांना सांगते. अर्जावर काय लिहायचं आणि काय नाही, यात एखाद्या बाईचं सगळं गावातलं जगणं अडकलेलं असतं. त्याची जाणीव कुठल्याही परिपत्रकात नसते.

दिरांनी घर सोडायला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने भांडायला यावं असं मला वाटत होतं. तुम्ही आला नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे, तिथे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, आणि २०१७ च्या त्याच कायद्यात राहत्या घरातून न काढण्याचा हक्क आहे, एवढं सांगितलंत. माझ्याबरोबर बसून मुद्दे लिहून काढलेत. बोलले मात्र मीच. तुम्ही आमच्या अंगणात येऊन बोलला असतात तर दिवस तुमचा झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात मला एकटीलाच उठायचं होतं. मी अजून त्याच घरात राहते.

आता त्या दिवसाबद्दल. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही हातातलं रजिस्टर मिटलंत आणि सरळ विचारलंत, जीव द्यायचा विचार येतो का? मी गप्प बसले. तुम्ही म्हणालात, “मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हे मी एकटीजवळ ठेवणार नाही. आता आपण दोघी माझ्या वरच्या मॅडमकडे जाऊ.” मला तेव्हा तुमचा संताप आला. वाटलं, हिनेही शेवटी सांगितलंच. पण तुम्ही माझ्या पाठीमागे काही केलं नाहीत. माझ्यासमोर, मोजकं, जेवढं लागेल तेवढंच सांगितलंत. फी, दीर, गावातली बाई, यातलं काहीही नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत माझा नंबर लागेपर्यंत बसलात. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माझ्या फोनमध्ये माझ्याच हाताने टाकायला लावलात, कारण रात्री तुमचा फोन बंद असतो. तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं: “मलाही गोळी घेऊन झोपायचं असतं.” त्या नंबरवर मी रात्री बोलले आहे. तुम्ही रात्रंदिवस उपलब्ध असतात तर तो फोन मी केलाच नसता, आणि एखाद्या रात्री तुम्हाला जाग आली नसती तर काय झालं असतं, याचा विचार नकोसा वाटतो.

संक्रांतीला मी तुमच्यासाठी साडी आणली होती. तुम्ही तिळगूळ घेतलात, साडी परत केलीत. म्हणालात, “ही घेतली तर उद्या रिकाम्या हाताने येणारीला अवघडल्यासारखं होईल.” ती साडी मी नेसते, तुमची आठवण म्हणून.

जून १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेली माणसं एकत्र आली आणि म्हणाली, आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याबद्दलचे निर्णय होतील तिथे आम्हाला बसवा. १९९४ साली पॅरिसच्या परिषदेत देशोदेशींच्या सरकारांनी ते तत्त्व मान्य केलं. तुम्ही त्या खुर्चीत बसता ती त्या मागणीतून आलेली आहे. पण खुर्ची दिली म्हणजे झालं असं आपल्याकडे समजतात, आणि याचा मला राग आहे. स्वतः आजारी असलेल्या बाईने मानधनावर काम करायचं, दिवसभर दुसऱ्यांचं मरण-जगणं ऐकायचं, गोळ्या सुटलेल्या पेशंटच्या मागे उन्हातान्हात फिरायचं, आणि वर तिने प्रत्येकीची सख्खी बहीणही व्हायचं. ‘आमची ताई रात्री दोनलाही धावून येते’ असं कौतुकाने बोलणारे साहेब मी पाहिलेत. ते कौतुक मला धोक्याचं वाटतं. अशी ताई वर्षभरात खचते, मग चिडते, मग एखाद्या दिवशी कुणाचं तरी कुणाजवळ बोलून जाते. तुम्ही खचला नाहीत, कारण दर महिन्याला मॅडमसमोर बसून नावं न घेता तुमच्या मनात साठलेलं तुम्ही उतरवत होतात. हे तुम्ही एकदा ओझरतं सांगितलं होतंत. मी ते विसरले नाही.

गेल्या तपासणीत माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडण्याइतकाही नव्हता. मुलीचा रिपोर्ट आधीपासूनच निगेटिव्ह आहे. आता मला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात आणि तुमच्याकडे यायचं कारण फारसं पडत नाही. तेही तुम्हीच हळूहळू घडवलंत. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग ‘लागलं तर या’.

तुमच्यासाठी मला एकच काम करता येण्यासारखं होतं, ते मी केलंय. तुमचं किंवा माझं नाव न घालता जिल्ह्याच्या कार्यालयाला लेखी कळवलं की सहकारी समुपदेशकांची ती महिन्याची बैठक कुठल्याही कारणाने बंद करू नये, त्यांच्या कामाच्या वेळा भिंतीवर लावाव्यात, आणि त्यांना रात्री फोन करायला कुणी सांगू नये. अर्जाची पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तर पुन्हा जाईन.

तुमची,
शिलाईच्या दुकानातली