आबांची उत्क्रांतिधेनू

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, याची टोचणी आहेच. आबा गेले ते तुला कळलंय. माझी तब्येत ठीक.

शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणाले, "उत्क्रांतिधेनूचं दान करून घेऊ, प्राण सुखाने जाईल." गाईऐवजी दक्षिणा ठेवली, आबांच्या हातून पाणी सोडलं. मी त्या शब्दाशीच अडलो. २२ वर्षं फळ्यावर 'उत्क्रांती' लिहितोय, आणि तिचा जुना अर्थ प्राणाने देह सोडून जाणं! ब्रह्मसूत्रांतही तोच.

मेसमधलं भांडण आठवतं? तू 'ताऱ्यांची उत्क्रांती' म्हणालास आणि मी ताटावरून उठलो. तारा एकटाच हायड्रोजन संपवत म्हातारा होतो. त्याला ना पिल्लं, ना पिढ्या. सूर्य ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा होईल, ते त्याचं आयुष्य, उत्क्रांती कसली? "शब्द काय तुझ्या बेडकांच्या मालकीचा आहे?" म्हणत तू माझी आमटीही संपवलीस. आमटीचं अजून माफ नाही, पण शब्दाचं तुझंच खरं होतं. 'इव्होल्यूशन' मुळात लॅटिन, गुंडाळी उलगडणं. ताऱ्याला ते चपखल बसतं. अडचण डार्विनचीच. त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' पुस्तकाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत हे नाम नाहीच, फक्त पुस्तकाचा शेवटचा शब्द त्या धातूचा. नाम आलं १८७२च्या सहाव्या आवृत्तीत.

आपल्या शब्दात तर 'उत्' बसलाय, म्हणजे वर. दहावीच्या पहिल्याच धड्याला मुलं विचारतात, "सर, मग माकडं अजून वर का नाही आली?" अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच, हे सांगताना शब्दच आडवा येतो. शिडी नाही रे, फांद्या आहेत, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतोय. 'विकास' म्हणावं तर तो आणखीच चढा.

आणि आबांचा हात गार पडत होता, तेव्हा त्याच 'वर'ने मला धरून ठेवलं. आता तो खोडवत नाही, वर्गात ठेववतही नाही. हे घरात कुणाला सांगू?

वहिनीचा गुडघा कसा आहे? धाकटीला नोकरी लागली म्हणे, पेढे कुठायत?

पुढच्या सोमवारी तोच धडा आहे. त्याआधी फोन कर. फळ्यावर काय लिहू, ते सांग.

तुझा,
खोली नंबर १४