गाडी काढण्याआधी आरोग्य योजनेचं विचारा

मा. संपादक,

आपल्याकडे माणूस सिरीयस झाला की पहिला प्रश्न आजार कोणता हा नसतो, प्रायव्हेटला कुठं न्यायचं हा असतो. सरकारीत नेलं तर उद्या वाडीतले म्हणणार, पैशाकडे बघितलं, माणसाकडे नाही.

गेल्या पावसात लावणीच्या वेळी आमच्या शेजारच्या काकांना ताप आला, पोटऱ्या ठणकत होत्या, डोळे लालबुंद. कोकणात शेंबडं पोर पण सांगेल की लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, तपासणी करा. त्यावरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, वेळेत घेतल्या तर बहुतेकदा तिथंच भागतं. पण आधी बाजारातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली, मग लघवी कमी झाली, तेव्हा कोणीतरी सरकारी हॉस्पिटलचं नाव काढलं तर काकी म्हणाली, "सरकारीत कित्याक नेतास, माणूस परत घराक हाडूचो आसा मा?" तेवढ्यात डोंबिवलीहून पुतण्याचा फोन, "पैशाचं मागाहून बघू, तुम्ही प्रायव्हेटलाच न्या." हे चाकरमानी फोनवरून ऑर्डर सोडतात आणि बिल आलं की पाच हजार जीपे करून मोकळे होतात, राग आला कोणाला तर येऊदे.

मग घाटावरचं मोठं हॉस्पिटल, आधी डिपॉझिट, मग आयसीयू, डायलिसिस, बिलात हातमोज्यांचे पण पैसे वेगळे. काका वाचले, उपचार चांगले झाले हे मान्यच आहे, पण हापूसची कलमं पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याला गेली आणि यंदा एप्रिलात त्यांच्याच खळ्यात दुसऱ्याच्या पेट्या भरल्या जात होत्या.

यातलं किती वाचलं असतं बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून रेशनकार्ड केशरी की पांढरं न बघता सगळ्यांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट, आणि ती प्रायव्हेट हॉस्पिटलात पण चालते, फक्त ते हॉस्पिटल आणि तो आजार यादीत पाहिजे. १५५३८८ वर फोन करून विचारता येतं. योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करायला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, इमर्जन्सीत भरती आधी आणि कागद मागाहून हे पण होतं. पण एकदा रोख भरायला सुरुवात केली की मग मागं फिरणं कठीण, म्हणून हे गाडी काढायच्या आधी विचारायचं. ऑगस्ट २०२३ पासून तर आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पण पैसे लागत नाहीत. फुकट म्हणजे हलकं असं आपणच ठरवून बसलोय. विंचवाच्या विषावर सगळ्या जगाला उपयोगी पडलेला उपचार डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यांत काम करताना शोधला, कुठल्या एसी हॉस्पिटलात नाही.

सरकारची बाजू घेत नाहीये मी. ओरोसला, रत्नागिरीला मेडिकल कॉलेज झालं, बोर्ड लागले, पण रात्री डोक्यात रक्तस्राव झालेला पेशंट नेला तर "पुढे न्या" अशी चिठ्ठीच हातात पडायची भीती असते. पुढे म्हणजे कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, आणि बांबोळीला २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना फी लावली. अशा वेळी जो प्रायव्हेटला पळतो त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण पैसे संपल्यावर शेवटच्या घटकेला तोच पेशंट सरकारीत आणून टाकतात आणि तिथं गेला की मयत सरकारीच्या खात्यावर, आणि मग पुढच्या घरातली काकी पण तेच बोलते.

तर विनंती एवढीच, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरमधली कुठली हॉस्पिटलं कुठल्या आजाराला योजनेत आहेत ती यादी महिन्यातून एकदा तरी छापा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींतली एखादी कमी झाली तरी चालेल.

एक वाचक, कणकवली तालुका