नाशिकला नको, गुहागरला या

गुहागर,
८ डिसेंबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा हिशोबाचा कागद, दोन्ही दोनदा वाचले. आपल्या दहावीच्या बॅचचे सव्वीस जण, खासगी बस, नाशिकला दोन रात्री रिसॉर्ट, दोन ठिकाणी वाइन टेस्टिंग, माणशी ₹७,५००. तू मन लावून काम केलं आहेस. पण तो आकडा बघितला आणि मला आपली अलिबागची सहल आठवली. आपल्या वर्गातला टेम्पोवाला आदल्या रात्री ताप आला म्हणून राहिला, आठवतं? त्याला ताप नव्हता रे. वर्गणीचे पैसे जमले नव्हते. वर्षभराने त्याच्या बायकोकडून कळलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तुझा आकडा ग्रुपवर पडल्यापासून चार जण गप्प आहेत. त्यात तोही आहे, आणि आपली अंगणवाडीवाली बाईसुद्धा. दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी जमणार आणि पैशांपायी एक जरी गळला, तर ती सहल मला नको.

खर्च कुठे आहे ते बघ. वाइनमध्ये नाहीच. तो आहे बसमध्ये आणि खोल्यांमध्ये. वाइन ही तर माणसं वाढली की स्वस्त होणारी गोष्ट. तू आणि मी दोघंच असतो, तर पाच प्रकार चाखायला पाच बाटल्या फोडाव्या लागल्या असत्या. सव्वीसांतले सहा जण घेत नाहीत, म्हणजे राहिले वीस. ७५० मिलीची बाटली वीस जणांत वाटली, तर प्रत्येकाला ३७ मिली येते. चाखायला तेवढी पुरते. प्रत्येक प्रकाराच्या दोन बाटल्या घेऊ, एक चाखायला आणि एक जेवणाबरोबर. दहा बाटल्या, सरासरी ₹८०० धर, एकूण ₹८,०००. घेणाऱ्याला ₹४०० पडले. न घेणाऱ्यांकडून यातला एक रुपयाही घ्यायचा नाही.

म्हणून सांगतो, सगळे इकडे या. आमचं घर आहे, पडवी आहे, शेजाऱ्यांचं घरगुती निवासस्थान आहे. त्यांच्याशी बोललो, दोन रात्रींचे माणशी ₹५०० म्हणतात. स्वयंपाक वाडीतला महिला बचत गट करेल, दोन दिवसांचं जेवण आणि न्याहारी मिळून ₹१,०००. तिकीट सोडून सगळं दोन हजारांच्या आत बसतं.

नाशिक बघू नये असं मी म्हणत नाही. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी), आणि फेब्रुवारीत वाइनच्या द्राक्षांची तोडणी, हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखंच आहे. आपल्याकडे ते होणार नाही. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा बारा महिने दमट. वेलीवर केवडा रोग यायला आणखी काय हवं? पण तिकडे पाच-सहा जणांनी जावं, दोन गाड्यांत. सव्वीस जणांना तिथे नेलं, तर निम्मा वेळ माणसं मोजण्यात जाईल.

तारीख मात्र बदल. तू २६ जानेवारी धरली आहेस, पण त्या दिवशी ड्राय डे असतो, दारूची दुकानं बंद असतात, शिवाय तेव्हा सगळी मुंबई कोकणात उतरलेली असते. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार धर. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका ऑनलाइन तिकिटावर सहाच नावं चालतात, तेव्हा चौघापाच जणांनी सकाळी एकाच वेळी बसावं लागेल. तुतारी किंवा मांडवी एक्सप्रेसने चिपळूणला उतरा. तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर, नेहमीची एसटी आहे आणि बायकांना अर्धं तिकीट. खासगी बस कशाला हवी?

बाटल्या परवाना असलेल्या दुकानातून घे, बिल जपून ठेव. आपल्याकडे पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो, तो प्रत्येकाने काढावा. आणि समुद्रावर एकही बाटली न्यायची नाही, यावर मी अडून बसणार आहे. कायद्याने चालत नाहीच, पण त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत काच आणि रात्री उजेड, दोन्ही नकोत. आपण अंगणातच बसू.

आता चाखण्याचं. यात मी महिनाभर रमलो आहे. आधी सोविन्यों ब्लाँ, मग शेनिन ब्लाँ या पांढऱ्या, मग गुलाबी रोझे, मग लाल शिराज, शेवटी एखादी गोड. हलकीकडून भारीकडे जायचं, नाहीतर जीभ आधीच दमते. प्रत्येकाने घरून एक काचेचा ग्लास टॉवेलात गुंडाळून आणावा. स्टीलच्या पेल्यात रंगच दिसत नाही. टेबलावर पांढरं धोतर अंथरेन. मधे वाट्या ठेवायच्या: कच्चा पेरू, पिकलेला पेरू, नुकतं कापलेलं गवत, काळी मिरी. आधी वाटी हुंगायची, मग ग्लासात तोच वास शोधायचा. शिराजमध्ये मिरीचा वास येतो ना, तो उगाच नाही. रोटंडन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं, तेच त्या द्राक्षातही असतं. आमच्या पोफळींवर चढलेली मिरवेल हुंगून ज्यांचं बालपण गेलं, त्यांना वाइन कळत नाही असं कोण म्हणेल? आपल्या अंगणवाडीवालीला हे सगळ्यांच्या आधी ओळखता येईल, बघशील तू.

बाटल्या गार करायला मासळीचे थर्माकोलचे नवे खोके सांगून ठेवले आहेत. बर्फाची लादी फोडून त्यात पाणी आणि मूठभर मीठ टाकलं की पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. लालही थोडा वेळ त्यात ठेवायची. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, ते आमच्या दुपारचं नव्हे.

जेवणाचं मी बचत गटाच्या बायकांशी बसून ठरवलं. तिसऱ्यांचं सुकं आणि लिंबू पिळलेला तळलेला बांगडा सोविन्यों ब्लाँबरोबर. ओल्या काजूची उसळ आणि कोळंबी शेनिनबरोबर, कारण तिच्यातला किंचित गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. लाल वाइन माशाबरोबर नको. तिच्यात लोह जास्त असलं तर तोंडात धातूसारखी कुबट चव राहते. तिच्यासाठी कोंबडी-वडे, पण मसाला बेताचा, कारण तिखटावर दारू आणखी चढी लागते. सोलकढी अगदी शेवटी. आधी प्यायली तर तिच्या आंबटपणापुढे सगळी वाइन पाणचट होते. बायकांना हे आधी पटेना, मग एकीने स्वतःच करून बघितलं.

एक बादली बाजूला ठेवू. तोंडात घोळवून थुंकलं तरी चाखणं पुरं होतं, त्यात कमीपणा नाही हे तूच आधी करून दाखव. त्या संध्याकाळी कोणीही गाडीला हात लावणार नाही.

पैसे तू जमव, पण कोणी किती दिले हे तुझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये. ग्रुपवर यादी टाकू नकोस. कमी पडतील ते मी आणि तू निम्मे निम्मे भरू.

टेम्पोवाल्याला फोन तू करू नकोस, मी आज संध्याकाळी त्याच्या घरीच जाऊन येतो. आधी तारीख सांगेन. चिपळूणच्या मंडईतून भाजी आणि बर्फ आणायला टेम्पो लागणारच आहे, त्याचं भाडं त्याला रीतसर द्यायचं, ते खर्चात धर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तारखेचं लगेच कळव, आरक्षणाला आता दिवस मोजकेच आहेत.

तुझाच,
दादू