ईस्टचर्चचं विमानतळ

सिटिंगबोर्न, केंट

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू विचारलंस, लेकीकडे राहून दिवसभर करतोस काय? बस पकडतो आणि भटकतो. जवळच टेम्सच्या मुखाशी शेपी नावाचं बेट आहे. तिथलं ईस्टचर्च हे गाव तुला दाखवायला हवं होतं, कारण तू ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर मिगच्या सांगाड्यांत वावरलास. परवाना घेऊन दुसऱ्याचं विमान बांधायचं, हा तुमचा उद्योग या बेटावर १९०९ सालीच सुरू झाला होता!

हॉरेस, युस्टेस आणि ऑस्वल्ड हे शॉर्ट बंधू मूळचे बलून बनवणारे. राइट बंधूंनी त्यांना आपली सहा 'फ्लायर' विमानं बांधायची परवानगी दिली, पण ड्रॉइंगच नव्हती. मग हॉरेस फ्रान्समध्ये पो इथे गेला, तिथल्या राइट विमानाची मापं घेतली आणि स्वतःच आराखडे काढले. तुमच्याकडे रशियन कागदांच्या थप्प्या तरी यायच्या! कारखाना उभा राहिला बेटाच्या पूर्व टोकाला, लेजडाउनजवळ. मे महिन्यात खुद्द ऑर्व्हिल आणि विल्बर पाहणीला येऊन गेले. त्या भेटीचा फोटो आहे, काही बसलेले, काही मागे उभे, अगदी लग्नातल्या वऱ्हाडासारखे.

मूर-ब्रॅबझन नावाचा एक हौशी गडी होता. ३० ऑक्टोबरला त्याने शॉर्टच्या विमानातून मैलभराची फेरी मारून 'डेली मेल'चं १००० पौंडांचं बक्षीस मारलं. इंग्रजांत अशक्य गोष्टीची थट्टा 'डुकरं उडतील तेव्हा' अशी करतात. या पठ्ठ्याने पुढच्याच आठवड्यात वेताच्या टोपलीत डुकराचं पिल्लू बसवलं, टोपली विमानाला बांधली आणि खरंच उडवून आणलं. टोपलीवर पाटी होती, 'उडणारं पहिलं डुक्कर मी'.

लेजडाउनची जमीन मात्र दलदलीची, जागोजागी चर. म्हणून १९१० मध्ये सगळं बिऱ्हाड ईस्टचर्चला हललं. फ्रँक मॅक्लीन या धनिकाने तिथली शेतजमीन विकत घेऊन या हौशी वैमानिकांच्या एरो क्लबला नाममात्र भाड्याने दिली. माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक तोच, पण नाव कुणाच्या तोंडी नसतं. १९११ मध्ये त्याने आपली विमानं नौदलाला शिकायला फुकट वापरू दिली. चार अधिकारी निवडले गेले, शिकवणाऱ्या कॉकबर्ननेही पैसे घेतले नाहीत. ब्रिटनच्या नौदलाचं उड्डाण असं लोकांच्या खिशातून सुरू झालं. त्या चौघांतल्या सॅमसनने जानेवारी १९१२ मध्ये युद्धनौकेवरून विमान उडवून दाखवलं. पुढच्या वर्षी चर्चिलसाहेबही इथे शिकायला यायचे, तेव्हा ते नौदलाचे मंत्री होते.

जिवाची किंमत मोजावी लागलीच. रोल्स-रॉईसमधला तो चार्ल्स रोल्स याच मंडळींतला. जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमान मोडून गेला. डिसेंबरात सेसिल ग्रेस इंग्लिश खाडीवर उडाला तो परत आलाच नाही. दोघांच्या स्मरणार्थ गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे. रोल्स गेल्यावर ब्रॅबझनने बायकोच्या आग्रहाखातर उडणं सोडलं. शहाणपणच म्हणायचं.

मग विमानतळ गेलं कुठे? एकदा नौदल आलं म्हणजे जमीन सरकारी झाली, पुढे हवाई दलाची. शॉर्ट मंडळींना समुद्री विमानांसाठी नदी हवी होती, ती रॉचेस्टरला गेली. १३ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी तळावर बॉम्ब टाकले. युद्ध संपल्यावर तळाचं कामच उरलं नाही, आणि १९५० मध्ये तिथे खुला तुरुंग आला. आज एकाला लागून एक असे तीन तुरुंग आहेत. मुक्त हवेत उडणाऱ्यांची जागा, आणि आता तिथे कैदी! त्यातल्या एका तुरुंगाचा पत्ता 'ब्रॅबझन रोड' आहे. जुने काही हँगर आवारातच उभे आहेत, जतन केलेले, पण आत जाऊन बघायचे तर आधी गुन्हा करावा लागेल.

चर्चसमोर १९५५ साली उभारलेलं दगडी स्मारक आहे, ते मात्र कुणालाही बघता येतं. मी कोरलेली नावं वाचत होतो, तर शेजारच्या बाईंनी बस कधी येते ते विचारलं. त्यांना तुरुंगात कुणाला तरी भेटायला जायचं होतं.

बेटावर वारा इतका, की छत्री उघडायची सोय नाही. इतक्या वाऱ्यात लाकूड-कापडाची ती यंत्रं ही माणसं कशी आवरत असतील, ते तूच सांग. आणि उन्हाळ्यात वहिनींना घेऊन ये, व्हिसाचं मी बघतो.

तुझा,
अरुण