कूलर बंद करून ऐकलेल्या कॅसेटी

काकाजी,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. नातीला सांगितलंय, ती वाचून दाखवील. नाव टाकू नको म्हणालात, म्हणून टाकत नाही. पण नागपूरच्या महाल भागात टेपरेकॉर्डर उघडून बसणारे आता उरलेत किती? ओळखणारे ओळखतीलच.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत तेवीस कॅसेटी होत्या. बाबा मेळघाटात शाळामास्तर. चिखलदऱ्याच्याही पुढचं डोंगरातलं गाव, थोडी कोरकू आदिवासींची घरं, थोडी गवळ्यांची. ऐंशीच्या दशकात ते संध्याकाळी लोकांच्या ओसरीवर टेप घेऊन बसत आणि म्हाताऱ्यांना बोलतं करत. पुढे आम्ही नागपूरला आलो आणि कॅसेटी गेल्या माळ्यावर, टिनाच्या पत्र्याखाली. नागपूरचे उन्हाळे माणसाला सोसत नाहीत, तिथं फितीचं काय! तुमच्याआधी एका दुकानात गेले होते. त्यानं एक कॅसेट उजेडात धरली, फितीच्या कडेवरची पांढरी बुरशी पाहिली आणि म्हणाला, मॅडम, फेकून द्या.

तुम्ही काही म्हणालाच नाहीत. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला, कोपऱ्यातले चार आणि मधला एक असे पाचही स्क्रू काढून बशीत ठेवले आणि कॅसेट पुस्तकासारखी उघडली. फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. मग जुन्या भजनांच्या एका कॅसेटचं कवच रिकामं करून बाबांची फीत त्यात बसवलीत. (त्या भजनांचं काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.) बुरशी पुसायला कापूस, स्पिरिट आणि एक अख्खी दुपार. मे महिना होता आणि तुम्ही कूलर बंद केलात, कारण पंप सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ येत होतं. मी पदरानं वारा घेत होते. तुमच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरत होता, तरी हात हलला नाही.

चार कॅसेटी पूर्ण कोरकूत होत्या. भाषा ना तुम्हाला येत, ना मला. आवाज घोंगडीतून आल्यासारखा. तुम्ही हेडशेजारचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिलात. मी म्हटलं, कळत तर काहीच नाही, बरोबर झालं हे कसं ओळखणार? “शब्द नाही कळला तं चालते, ‘स’ ऐकू आला पाह्यजे,” तुम्ही म्हणालात. आणि एकदम तो ‘स’ आला. त्याच्यामागून म्हशीच्या गळ्यातली घंटाही आली.

आता कबूल करायची गोष्ट. मला हवी होती ती गाविलगडाची कॅसेट. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा, 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. एक गवळी आजोबा हे असं सांगतात की जणू परवा भिंत फोडणाऱ्या तोफा त्यांनी स्वतः मोजल्या. ती गोष्ट संपल्यावर बाबा टेप बंद करायला विसरले होते. पुढची वीस मिनिटं नुसती बायकांची बोलाचाली, भांडी, कुणाचं तरी रडणारं पोर. मी म्हटलं, काकाजी, हे कापा. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. “राहू दे नं. पेन ड्राइव्हले का जागेचा तोटा हाय?”

म्हणून राहिलं.

दिवाळीनंतर मी ते पेन ड्राइव्ह घेऊन बाबांच्या त्या गावात गेले. शाळेच्या व्हरांड्यात स्पीकर लावला. बेनीसिंगाच्या वेळी पोरं चुळबुळत होती, कारण ती गोष्ट त्यांना गाइडच्या तोंडून पाठ आहे. मग ती वीस मिनिटं सुरू झाली. बायका बोलत होत्या वैशाखातल्या पाण्याबद्दल: कोणता झिरा आटला, कोणता नाही, मोहाच्या दोन झाडांखालून कसं उतरायचं, खव्याची भट्टी पेटवण्याआधी किती खेपा करायच्या, परतवाड्याच्या बाजाराला खवा कुणी न्यायचा. दोन म्हातारे तिथंच हमरीतुमरीवर आले. एक म्हणे झिरा नाल्याच्या अलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे, आणि मोहाची झाडं तर आता राहिलीच नाहीत. तीनदा तेवढाच भाग लावावा लागला. शेवटी चार पोरं कुदळ घेऊन दोन्हीकडे बघायला गेली. गाविलगड दोनशे वर्षं पुस्तकांत आहे, काकाजी. तो झिरा फक्त तुमच्या त्या भजनाच्या डब्यात होता.

कोरकू कॅसेटी आता गावातल्याच दोन मुली ऐकून देवनागरीत उतरवताहेत. पहिली वही भरली. ज्यांचे आवाज आहेत त्यांच्या घरी आधी विचारायचं आणि मगच बाहेर द्यायचं, ही तुमची अट पाळली. एका घरानं नको म्हटलं, ती कॅसेट त्यांना परत दिली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. खवा मात्र घेतलात, आणि स्टीलचा डबा अजून तुमच्याकडेच आहे. तो धुऊन ठेवा. बाबांच्या शाळेतल्या जुन्या पेटीत आणखी सात कॅसेटी सापडल्यात, त्यातल्या एकीची फीत तुटलेली आहे. रविवारी सकाळी येते. तर्री-पोहे मी आणीन.

आपली,
मास्तरांची मुलगी