चि. संदीपला, कैग्याला

चि. संदीप यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यापासून बाबांनी तुझं नाव काढलेलं नाही, पण सकाळी पेपर आला की कारवारच्या बातम्या आधी बघतात. थोरलीचा फोन आला होता. तिला मी त्या रात्रीचं काही सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. तुझ्या अणुवीज केंद्रातल्या नोकरीच्या धोक्याचं मी बोलले, तर ‘आई, तुला त्यातलं काय कळतं?’ असं तू म्हणालास आणि बॅग उचललीस. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

पहिल्यांदा हे ऐक. खानापुरात ओळखीचं एक घर मी सोडलं नाही. मुलगा फिटर, कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात लागला, आधी ट्रेनिंग आणि मग कायम, हे सगळीकडे सांगून झालं. तुझ्या आयटीआयच्या सरांना पेढे दिले, त्यांचे डोळे भरून आले. कैग्याची पहिली अणुभट्टी एकदाही न थांबता ९६२ दिवस चालली, २०१८ साली जगात पहिली आली, हे तू सांगितलेलं मी शेवंताआत्याला दोनदा सांगितलं. तुझ्या कामाची मला लाज नाही रे. तसं मनात धरू नकोस.

पण त्याच पहिल्या भट्टीचा घुमट १९९४ च्या मे महिन्यात बांधता बांधता आतून कोसळला होता. तेव्हा आत इंधन नव्हतं म्हणून निभावलं. आणि २००९ च्या नोव्हेंबरचं तर तुला माहीतच आहे. कामगार ज्या कूलरचं पाणी पीत होते त्यातच ट्रिटियमचं, म्हणजे भट्टीतलं किरणोत्सारी, जड पाणी मिसळलेलं निघालं. पन्नासच्या वर माणसांच्या पोटात गेलं. आतल्याच कुणीतरी मुद्दाम केलं असं वरच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ठरलेली लघवीची तपासणी होती म्हणून तरी कळलं. म्हणून सांगते, ती तपासणी कधी चुकवू नकोस. लाजू नकोस, कंटाळू नकोस, उद्या देतो म्हणू नकोस. आणि पाणी क्वार्टरमधून भरून ने. तांब्याची बाटली बॅगेत खालीच ठेवली आहे, टॉवेलात गुंडाळून.

आत बाटली नेऊ देत नाहीत असं तू म्हणशील. मग निदान कूलरला कुलूप असतं का ते बघ.

तुला आठवतं का, लहानपणी रामनगरला आजीकडे गेलास की विहिरीतलं पाणी पीत नव्हतास, म्हणायचास खारट लागतं. आजी हसायची. म्हणायची, याला आपल्या सुप्याचं, काळी नदीचं पाणी पाजायला हवं होतं. ते कुठून पाजणार? सुपं धरणात गेलं. आमचं घर, देवळामागचं चिंचेचं झाड, रविवारचा बाजार, सगळं. ट्रकात भांडी घालून आम्हाला रामनगरला आणून सोडलं. साहेब लोक घरोघरी येऊन सांगत होते, वीज तुम्हालाच आधी मिळणार. जोयडा तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांनी दिवा बघितला तो पुढे किती वर्षांनी, ते मामाला विचार. सांगणारे साहेब तोवर बदलून गेले, रिटायर झाले, वारले. दोष कुणाला द्यायचा?

आता त्याच काळीचं पाणी खाली कद्र्याच्या धरणातून तुमच्या भट्ट्या थंड करतं. त्यामुळे मला त्या नदीबद्दल बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

कचऱ्याचं तू मला नीट समजावलं होतंस. वापरलेलं इंधन आधी वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत ठेवतात, मग त्यातलं कामाचं काढून घेऊन उरलेलं काचेत ओतून घट्ट करतात, आणि हातमोजे, चिंध्या असला हलका कचरा आवारातच काँक्रीटच्या खंदकात पुरतात. पटलं मला. करणारी माणसं हुशार आहेत यात शंका नाही. पण वापरलेल्या इंधनात तयार होणारं प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात असंही तूच सांगितलंस. संदीप, सुपं बुडून पन्नास वर्षं झाली नाहीत अजून, आणि आमचा बाजार नेमका कुठे भरायचा हे बोट दाखवून सांगणारी माणसं संपत आली. मग इथे काय पुरलंय हे सांगायला कोण उरणार? माझा सगळा प्रश्न एवढाच आहे. तो अडाणीपणाचा आहे असं मला वाटत नाही.

२०१८ च्या डिसेंबरात पाचव्या-सहाव्या भट्टीची जनसुनावणी मल्लापूरला झाली, मामा गेला होता. आताच्या २२० मेगावॅटच्या चार आहेत, त्या दोन ७०० च्या येणार. मामा म्हणाला, लोक एकच विचारत होते, काही झालं तर आम्ही जायचं कुठून? एक रस्ता अणशी घाटानं वर, एक नदीकाठानं कारवारला. २०१९ ला कद्र्याचे दरवाजे उघडले तर खालच्या गावांत पाणी शिरलं. २०२१ ला घाटात दरड आली आणि रस्ता बंद पडला. सोळा किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन आराखडा असतो म्हणे. असू दे. पण तो पावसाळ्यात चालतो का हे एकदा तुझ्या साहेबांना विचार. मोठ्यानं नको, नोकरी नवी आहे. पण विचार.

बघ, पुन्हा उपदेश सुरू झाला. राग मानू नकोस. नोकरी सोड असं मी लिहिणार नाही. अण्णाचं कर्ज, बाबांचा गुडघा, सगळं मला दिसतं. तू पहिल्या महिन्याचे पैसे पाठवलेस ते मी देवापुढे ठेवले आणि तिथेच रडले.

छातीवरचा किरणांचा डोस मोजायचा बिल्ला कधी काढून ठेवू नकोस. चार दिवस जास्त काम मिळावं म्हणून तो खुंटीला टांगून आत जा असं कुणी सांगितलं तर त्या माणसाशी मैत्री करू नकोस. वर्षाला तो डोस तीस मिलिसिव्हर्टच्या (किरणांचं माप) वर जाता येत नाही आणि पाच वर्षांत मिळून शंभरच्या, हा तुमचाच नियम आहे ना? मग तुझा आकडा किती झाला हे तुला तोंडपाठ पाहिजे. शाळेत गुण लपवायचास तसा हा लपवू नकोस. मला कळव. मी इथे कॅलेंडरवर लिहून ठेवीन.

तांबडी व्याली, कालवड झाली. काजूला यंदा मोहर बरा आहे. मामा पुढच्या आठवड्यात कारवारला जाणार आहे, त्याच्याकडे कुंदा आणि लसणाची चटणी देते. गणपतीला रजा मिळते का ते आत्ताच विचारून ठेव, मागाहून सगळे मागतात. आणि तपासणी कुठल्या वारी असते ते लिही, म्हणजे त्या दिवशी मी फोन करीन.

तुझी,
आई